फुकटची पोळी बी चावा लागते

फुला, आधी एक सांगून ठेवते. आमच्यात मेलेल्या माणसाशी बोलत नाहीत. तुमच्यात बोलतात, त्यांच्यासाठी देवाकडे मागतात, कबरीवर मेणबत्त्या लावतात. आमच्यात माणूस गेलं की ते देवाच्या हाती. आपण मधे तोंड घालायचं नाही. म्हणून हे मी तुझ्याशी बोलत नाही. लिहिते आहे. लिहिण्याबद्दल आमच्या पास्टरांनी आजवर काही सांगितलेलं नाही.

तुझी रीटा म्हणाली, "मोठीआई, मायवर चार ओळी लिहा. आमच्या चर्चच्या अंकात छापाच्या हायेत." मी म्हटलं, तुझी माय खुर्चीत मावत नव्हती, चार ओळींत काय मावेल? पोरगी रडता रडता हसली. मी चौथी शिकलेली. पवित्र शास्त्र वाचते, पत्ता लिहिता येतो. पण तुमच्या अंकात प्रोटेस्टंट बाईचं लिहिणं छापून येणार म्हटल्यावर मी हो म्हटलं. तुला हे फार आवडलं असतं. सगळ्या गल्लीला दाखवून आली असतीस. म्हणजे खुर्चीतूनच, हाका मारून.

तुझं नाव फिलोमिना. आपल्या सासूच्या तोंडात ते बसेना. पहिल्याच दिवशी दोन-तीनदा प्रयत्न करून तिनं नाद सोडला आणि फुला म्हणाली. फुला म्हणजे हलकं काहीतरी असावं. तू तेव्हाही हलकी नव्हतीस.

तू आलीस तेव्हा घरात आठवडाभर कोणी नीट जेवलं नव्हतं. माझ्या धाकट्या दिरानं कॅथलिक पोरगी पसंत केली, आणि पोरगी म्हणते मी माझं चर्च सोडणार नाही. सासूनं मला चुलीपाशी बसवून सांगितलं, "तू मोठी हायस. भांडू नको तिच्याशी. हळूहळू आपल्यात आण." ते काम मी अंगावर घेतलं. जन्मभर केलं. जमलं नाही. आणि भांडू नको म्हणाली होती, तेही जमलं नाही.

रविवारी सकाळी आपण दोघी एकदमच घराबाहेर पडायचो. कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत सोबत. तिथून तू उजवीकडे, मी डावीकडे. येताना जी आधी पोचेल तिनं दुसरीची वाट बघायची, कारण त्या निंबाखाली वलगावची सुमन भाजी घेऊन बसायची आणि तिथूनच आपलं सुरू व्हायचं. आमच्या पास्टरांनी काय सांगितलं, तुमच्या फादरनं काय सांगितलं. मी म्हणायची, तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासानं होतं, देव ते फुकट देतो, माणसाच्या करण्यानं काही होत नाही. तू म्हणायचीस, नुसता विश्वास घेऊन बसलेलं माणूस आणि पाट्यावर ठेवलेला वरवंटा सारखाच, दोघांकडून काही वाटलं जात नाही. सुमनला आपल्या देवाशी काही देणंघेणं नव्हतं. ती वांगी मोजत विचारायची, "आज कोन जिकलं?" जिंकलेलीच्या पिशवीत ती सांबाराची काडी जास्त टाकायची. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे बाहेरचं कोणी वाचत असेल तर त्याच्यासाठी.

त्या सांबारावरूनच एकदा मी फसले. मी तुला म्हटलं, "हे पाय. देवाची कृपा म्हंजे हा सांबार. फुकट. याचे पैसे लागत नाहीत."

"फुकट काहून?" तू म्हणालीस. "वांगे घेतल्यावर देते ते. वांगे घेऊ नका, मंग पाहू."

सुमन म्हणाली, "घ्या बाई, वांगे नका घेऊ," आणि नुसता सांबार माझ्यापुढे धरला. चांगली मूठभर जुडी.

मला तो घेता येईना. हात पुढेच गेला नाही. मी अर्धा किलो वांगी घेतली. घरी आदल्या दिवशीची वांगी पडलेली होती.

घर येईपर्यंत तू हसत होतीस. रस्त्यात थांबून हसत होतीस. "बाई, तुमाले फुकट घेताच येत नाही. अन् शिकोता आमाले." मी त्या दिवशी तुझ्याशी बोलले नाही. वांग्याची भाजी मात्र तू दोनदा मागून खाल्लीस.

तुझा नवरा म्हणायचा, ह्या दोघी चुकून एकमेकींच्या चर्चमध्ये गेल्या. त्यात खोटं काही नव्हतं. मी पोरींच्या होस्टेलात स्वयंपाकीण. तिथनं घरी आले की घरचं. ते सुटल्यावर वाळवणाचे सरगुंडे, कुरड्या, कोणाच्या बाळंतिणीचे लाडू, शेजारच्या आजारी म्हातारीची आंघोळ. कृत्यांनी काही होत नाही म्हणणारी मी दिवसभर उभी. आणि कृत्यं पाहिजेत म्हणणारी तू दारातल्या खुर्चीत, हातात जपमाळ.

"उठ, एखादं कृत्य तरी कर," मी म्हणायची.

"करून राहिली ना. तुमच्यासाठी जप करून राहिली."

"माह्यासाठी काहून?"

"तुमची जीभ जरा कमी चालावी म्हणून. देव आयकून नाही राहिला अजून."

चाळीस दिवसांचा उपासकाळ आला की तू चहा सोडायचीस. सोडायला दुसरंही पुष्कळ होतं, पण तुला चहाच सगळ्यांत प्यारा, म्हणून तोच. तिसऱ्या दिवसापासून तुझं डोकं दुखायचं. मग पोरांवर ओरडणं, नवऱ्यावर ओरडणं, माझ्या झाडण्याच्या आवाजाचा त्रास. उपास तुझा आणि शिक्षा घराला. मी म्हणायची, तुझ्या कपभर चहानं देव काय श्रीमंत होणार? तू म्हणायचीस, त्याला मिळावा म्हणून नाही सोडला, मला सुटतो का ते पाहून राहिली. मग मी आणखी जोरात झाडायची.

नवरे गेल्यावर आपण दोघीच उरलो. पोरं आपापल्या घरी. त्या वर्षी तू चहा सोडलास आणि दोन-तीन दिवस मी एकटीनं केला. एका कपाचा चहा बेचव होतो. आधण उगीच ठेवल्यासारखं वाटतं. मीही बंद केला.

उपासकाळ संपत आला, पाम संडेच्या सुमारास, तेव्हा तुझ्या ध्यानात आलं. "बाई, तुमी बी उपास धरला?"

"नाही."

"मंग चहा?"

"प्याला नाही, एवढंच."

"यालेच उपास म्हणतात."

"मी देवासाठी नाही सोडला. तुह्यासंगं प्यायची सवय आहे म्हणून सुटला."

तू जपमाळ मांडीवर ठेवलीस आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलंस. जिंकलेली दिसत होतीस. पण बोलली नाहीस. जिंकल्यावर गप्प बसणं हे तुझं एक चांगलं होतं. मला ते कधी जमलं नाही.

तुझ्यावर अन्याय नको म्हणून हेही लिहिते. आमच्याकडे पुष्कळांना वाटतं, कॅथलिक लोक कृत्यं करून स्वर्ग विकत घेतात. मलाही आधी तसंच वाटायचं. तू म्हणायचीस, "तसं नाही, बाई. देवानं आधी हात देल्याबिगर आमची बी काडी हालत नाही. पण देलेला हात धरा तर लागते ना." आणि एकदा जेवताना पोळीचा तुकडा हातात धरून म्हणालीस, "फुकटची पोळी बी चावा लागते."

मी म्हटलं, "चावली म्हणून तू लाटली असं होते काय?"

"मी कुठी म्हटलं लाटली? चावली म्हटलं."

"मंग चावण्याचा गर्व नको."

"गर्व कायचा, माय? दाढ ठणकून राहिली."

तिथंच ते थांबलं. मी उठून तुझ्या दाढेत लवंग धरायला दिली. पुढचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी शोधणार होते. अजून सापडलं नाही.

आता अकोल्याचं.

माझं माहेर अकोल्याकडचं. भाच्याच्या लग्नाला आम्ही गेलो आणि तिथं माझ्या नवऱ्याला झटका आला. दवाखान्यात टाकलं. मी धावत होते. औषधं, रिपोर्ट, डॉक्टरच्या मागे, नर्सच्या मागे. माणसं येत होती. कोणी संत्री आणली, कोणी मोठ्यानं प्रार्थना केली, कोणी मुंबईच्या डॉक्टरचं नाव सांगितलं, आणि गेली. तू घरून, अमरावतीहून बसनं आलीस आणि वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसलीस. मांडीवर पिशवी. पिशवीत काही नव्हतं.

मी चिडून म्हटलं, "डबा तरी आणाचा."

"सुचलं नाही."

"मंग आली काहून?"

"आली," एवढंच म्हणालीस.

दुसऱ्या दिवशीही तू तिथंच. तिसऱ्याही. झाडणारी बाई तुला पाय वर घ्यायला सांगायची, तू पाय वर घ्यायचीस. मी येता-जाता तुला बघायची आणि मनात म्हणायची, ही बाई कशाच्याही कामाची नाही. मग आमचे हे गेले. मी वॉर्डातून बाहेर आले. त्या वेळी बाहेर कोणीच नव्हतं. संत्रीवाले नव्हते, प्रार्थनावाले नव्हते. तू होतीस. तू उठली नाहीस, रडली नाहीस. फक्त सरकलीस. मी बसले.

ह्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही.

मागच्या वर्षी तू खाटेला लागलीस. आधी पाय, मग किडन्या, मग सगळंच. मी तुझ्याहून मोठी, पण माझी हाडं चिवट. पोळी दुधात कुस्करून चमच्यानं द्यायची. पहिल्या दिवशी तू चमच्याकडे बघून म्हणालीस, "आता चावता बी येत नाही, बाई."

"म्हणून तर कुस्करली."

मला कळत होतं तुझ्या डोक्यात काय चालू आहे. मग म्हणालीस, "म्हंजे तुमचंच खरं निघालं?"

"खाऊन घे आधी. थंड होऊन राहिली."

अंग पुसताना एकदा विचारलंस, "हे पुण्य कोनाच्या नावावर, बाई?" मी म्हटलं, "कोनाच्याच नाही. तू वास मारून राहिली म्हणून पुसून राहिली." तुला इतकं हसू आलं की पुन्हा पुसावं लागलं.

पण एका दुपारी तू हसली नाहीस. फादर येऊन तुला तुमच्यातलं आजाऱ्याचं पवित्र तेल लावून, प्रार्थना करून गेले होते. रीटा औषध आणायला गेली होती. तू छताकडे बघत म्हणालीस, "बाई, मी का केलं जन्मभर? खुर्ची गरम केली. तुमी रांधलं, वाढलं, दुसऱ्याचं हागलं-मुतलं काढलं. मी का दाखवू वरतं?"

तू घाबरली होतीस. दाढ काढतानाही न घाबरणारी तू.

मी म्हटलं, "काही नाही केलं तू. हे खरं हाय. पण तिथं दाखवाचंच नाही काही. रिकामे हात घेऊन जाय. तो रिकामेच हात पाह्यते."

"तुमी धीर देऊन राहिल्या का शिव्या?"

"दोन्ही."

थोडं हसलीस. हात धरलास. तुझा हात कधी नव्हे तो हलका लागला.

तुला धीर द्यायला माझ्याकडे त्या दुपारी दोन गोष्टी होत्या. मी एकच दिली. दुसरी अकोल्याचं बाकडं. मी म्हणू शकले असते, फुला, तू बसली होतीस, ते दाखव. तुला बरं वाटलं असतं. मग म्हटलं नाही काहून? कारण मी ते म्हटलं असतं तर आपल्या करण्यावर भार टाक असं सांगितल्यासारखं झालं असतं, आणि मी तसं मानत नाही. आपल्याला जी काठी कच्ची ठाऊक आहे, ती मरणाऱ्याच्या हाती देऊ नये. माझ्याकडे पक्की होती, ती दिली. आजही मला वाटतं बरोबरच केलं. पण बाकडं खोटं होत नाही त्यानं. ते तिथं होतं आणि तू त्याच्यावर होतीस. हे तुला कळायला पाहिजे होतं, तारणासाठी नाही, नुसतंच.

मग तू दुसरं विचारलंस. "मी गेल्यावर माह्यासाठी मागसान ना देवाले? शुद्धिस्थानात कितीक दिवस लागतीन, कोनाले मालूम." शुद्धिस्थान म्हणजे तुमच्यात मेल्यावर स्वर्गाआधी पापं धुवायची जागा, आमच्यात ती नाही.

"नाही," मी म्हटलं.

"एक डाव बी?"

"नाही. मेल्यावर दार लागते. माह्या मागण्यानं उघडत नाही अन् बंद बी होत नाही. तुह्याशी खोटं बोलू काय?"

"नका बोलू," तू म्हणालीस. आणि डोळे मिटलेस. रागावली नव्हतीस. पण जपमाळ उशाशी होती, ती ओढून घेतलीस.

त्यानंतर तू थोडेच दिवस होतीस. एका सकाळी रीटा तुझ्या उशाशी होती आणि मी चहाचं आधण ठेवत होते. तुला गिळता येत नव्हतं, पण वास आवडायचा. तिनं हाक मारली. तुझ्या मातीला दोन्हीकडची माणसं आली. आमच्याकडची जरा मागे उभी राहिली, कुठं उभं राहायचं ते न कळून. मी पुढे होते. माती मीही टाकली, ती दोन्हीकडे सारखीच टाकतात.

सकाळच्या प्रार्थनेत मी नावं घेते. पोरांची, नातवंडांची, गल्लीतल्या आजाऱ्यांची. तुझं नाव इतकी वर्षं होतं. सवयीनं ओठांवर येतं. मी ते गिळते आणि पुढचं नाव घेते. मधे खाच पडते. पास्टरांना विचारलं. भला माणूस आहे. म्हणाले, आजी, मागू नका, तिच्याबद्दल देवाचे आभार माना, त्याला हरकत नाही. मी आभार मानून बघितले. देवा, जाऊ चांगली दिलीस, म्हटलं. आभार एका वाक्यात संपतात. खाच राहतेच.

सुमनला तू गेल्याचं मी निंबाखालीच सांगितलं. तिनं सांबाराची जुडी माझ्या पिशवीत टाकली. मी वांग्यांकडे हात नेला होता. मग मागे घेतला. सांबार तेवढा घेऊन आले. हे तुला कळवायचं होतं.

मग रीटा आली. "मोठीआई, मायच्या महिन्याच्या मिस्साले येसान ना?"

महिन्याची मिस्सा म्हणजे तुमच्यात मेलेल्यासाठी देवाकडे मागण्याचीच मिस्सा. मी जे नाही म्हटलं तेच तिथं तासभर चालणार. मी रीटाला "पाहू" म्हटलं. दोन दिवस माझं मन जात-येत राहिलं. गेले तर म्हणते एक आणि करते दुसरंच, अशी मी होणार. नाही गेले तर तू एकटी. तू तिथं नाहीस हे मला ठाऊक आहे. तरी एकटी.

शुक्रवारी संध्याकाळी गेले.

खांबाजवळच्या बाकावर बसले, शेजारी रीटा. तुमच्याकडे उठबस फार. सगळे उभे राहिले, मी बसलेली. सगळे गुडघ्यांवर, मी बसलेली. फादरनं फिलोमिना असं नाव घेतलं तेव्हा क्षणभर मला कळलंच नाही कोणाबद्दल चाललंय. मग कळलं. तिच्या आत्म्याला शांती दे, म्हणाले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी तोंड मिटून ठेवलं. तोंड मिटून ठेवायला त्रास झाला, ते मी लपवत नाही.

मग प्रसादाला रांग लागली. आमचा बाक उठून गेला. रीटाही गेली. मागच्या बाकावरची एक बाई वाकून म्हणाली, "आजी, तुमी नाही येत रांगेत?"

"मी तुमच्यातली नव्हे."

"मंग कोनासाठी आल्या?"

"जावेसाठी."

"मंग तिच्यासाठी प्रार्थना तरी करा."

"मी बसाले आली," मी म्हटलं.

तिला काय कळलं असेल कोण जाणे. ती रांगेत गेली. बाक रिकामा होता. अकोल्याच्या बाकड्याइतकाच टणक. मी कडेला सरकून बसले, एका माणसाची जागा ठेवून. तू जाडी, म्हणून जरा जास्तच.